शेपटीसकट वाघ: सफारीसाठी लेन्स निवडताना

ताडोब्याचं बुकिंग झालं की कॅमेरावाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सहाशेची लेन्स घेऊ का?’ जंगल कुठलं, ऋतू कुठला, हातात कॅमेरा कुठला, हे सगळं नंतर, आधी आकडा. दुकानदारही त्या आकड्यालाच धरून बोलायला लागतो आणि माणूस लाख-दीड लाख मोजून घरी येतो. पुढे मोहर्लीच्या रस्त्यावर वाघीण जिप्सीसमोरून आडवी जाते आणि कार्डावर उरतात ते शेपटी तुटलेले, पाय कापलेले फोटो. लेन्स भारी असते, पण त्या अंतराला ती फार मोठी पडते.

सफारीसाठी लेन्स घ्यायची तर आधी अंतर पाहावं, मग उजेड, आणि शेवटी आपला हात नि आपला खिसा. या क्रमाने विचार केला तर बहुतेकांच्या कामाची लेन्स सहाशेपेक्षा लहान निघते.

अंतराचा हिशेब

हा हिशेब कागद-पेन्सिलीचा आहे आणि खरेदीआधी प्रत्येकाने एकदा करावा असा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. जनावराचं अंतर मीटरमध्ये धरा, त्याला ३६ ने गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा. उत्तर येईल तेवढे मीटर रुंदीचं दृश्य तुमच्या फ्रेममध्ये मावतं. उंची त्याच्या दोन तृतीयांश. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी असेल तर ३६ च्या जागी २४ धरा. कॅननच्या क्रॉप बॉडीला साधारण २२.

आता हे जंगलात लावून पाहू. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यटकांनी वन्यप्राण्यांपासून किमान २० मीटर अंतर ठेवायचं असतं. तेव्हा २० मीटर हाच पाया धरू. फुल फ्रेमवर ६०० मिमी लेन्स लावली तर या अंतरावर १.२ मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर उंच एवढंच दृश्य मावतं. वाघ खांद्यापाशीच मीटरभर उंच असतो. म्हणजे हाती येतो तो चेहरा आणि छातीचा थोडा भाग. ४०० मिमीवर रुंदी होते १.८ मीटर, ३०० वर २.४ आणि २०० वर ३.६ मीटर.

मोठा नर वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेतीन-तीन मीटर भरतो. तो आडवा चालत असताना अख्खा हवा, शिवाय त्याच्या पुढे थोडी मोकळी जागा हवी, तर २० मीटरवर लागते २०० मिमी. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा असेल तर त्याच २०० वर जेमतेम २.४ मीटर मावतात आणि शेपटी बाहेर राहते. तिथे १२०-१३० पर्यंत मागे यावं लागतं. २०० पासून सुरू होणारी मोठी झूम क्रॉप बॉडीवर लावून ताडोब्यात गेलेल्यांची नेमकी इथेच पंचाईत होते. त्यांच्याकडे मागे यायला जागाच नसते, आणि जिप्सी मागे घेईपर्यंत वाघ थांबत नाही.

दुसरं टोकही पाहा. तोच वाघ तलावाच्या पलीकडच्या काठावर, समजा १५० मीटरवर बसलाय. ६०० मिमीवर फ्रेम ९ मीटर रुंद होते, ४०० वर साडेतेरा. पोर्ट्रेट दोन्हींत होत नाही. पाणी, काठावरचं गवत, मागची झाडी आणि त्यात वाघ असा फोटो दोन्हींत होतो आणि छान होतो. लांबच्या जनावरासाठी मोठी लेन्स हवी, हे म्हणणं पन्नास-साठ मीटरपर्यंत खरं आहे. त्यापुढे मधली हवाच इतकी आडवी येते की आकडा वाढवून फारसं पदरात पडत नाही. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या घरात जातो. सकाळी नऊनंतर तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरायला लागली की दहा लाखांची लेन्सही वाघाचे पट्टे धारदार देऊ शकत नाही.

पक्ष्यांचा हिशेब मात्र वेगळा. वेडा राघू जेमतेम वीतभर. तो १० मीटरवरच्या फांदीवर बसला असेल तर ६०० मिमीवर फ्रेम ६० सेंटिमीटर रुंद, म्हणजे पक्षी साधारण एक तृतीयांश फ्रेम भरतो. ४०० वर फ्रेम ९० सेंटिमीटरची होते आणि पक्षी एकदम लहान दिसायला लागतो. म्हणून मुख्य ओढ पक्ष्यांची असेल तर ६०० चा आग्रह रास्त आहे. वाघ-बिबटे, गवे, रानकुत्रे, अस्वलं यांच्यासाठी १०० ते ४०० किंवा १०० ते ५०० हा पल्ला पुरून उरतो.

हिशेबात क्रॉपही धरा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम फोटोतून दीडपट क्रॉप केला तरी साधारण १० मेगापिक्सेल उरतात आणि ए-फोर आकाराच्या चांगल्या छपाईला तेवढे पुरतात. म्हणजे ४०० ची लेन्स गरजेला ६०० चं काम करते. उलटं होत नाही: फ्रेमबाहेर गेलेली शेपटी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत आणता येत नाही.

जंगल बदललं की लेन्स बदलते

ताडोबा, पेंच, नागझिरा ही कोरड्या पानगळीची जंगलं. साग, बांबू, मधूनच गवताची मैदानं आणि पाणवठे. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी. सायटिंग झालं तर बरेचदा जवळून होतं, आणि ‘हेडऑन’ म्हणजे वाघ रस्त्यावरून सरळ गाडीकडे चालत येण्याचा प्रसंगही इथलाच. तो सुरू होतो ऐंशी-शंभर मीटरवर आणि संपतो वीस-पंचवीस मीटरवर. एका मिनिटात लेन्सला ४०० वरून १५० वर यावं लागतं. इथे झूमच हवी.

मेळघाटात डोंगर-दऱ्या आहेत, प्राणी कमी आणि दूर दिसतात, पण निसर्गदृश्यं सुंदर. तिथे मोठ्या लेन्सइतकीच २४-१०५ सारखी लेन्स वापरली जाते. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी बघायचे तर होडीतून, आणि होडीवाल्याने फार जवळ नेऊ नये, यातच पक्ष्यांचं भलं असतं. तिथे ५००-६०० हवीच. ठाणे खाडीतल्या रोहितांनाही तेच लागू. भरतपूरला तुम्ही पायी किंवा सायकल रिक्षातून फिरता, थांबायला वेळ भरपूर असतो, म्हणून जड लेन्स आणि ट्रायपॉड दोन्ही चालतात.

मराठी मंडळी आता मसाई माराला मोठ्या संख्येने जातात. तिथे मोकळं माळरान आहे, उजेड मुबलक, गाडी ऐसपैस आणि उघड्या छताखाली लेन्स टेकवायची बीन बॅग ठेवायला सोय. १००-५०० आणि सोबत २४-१०५ हा जोड तिथे उत्तम. नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते आणि त्यात हातातली बॅगही धरतात. तीन किलोंची प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स, घेतली तर कपडे किती न्यायचे ते आपोआप ठरतं.

उजेड आणि एफचा आकडा

जंगलात खरी हालचाल असते ती पहाटे गेट उघडल्यावर पहिल्या तासाभरात आणि संध्याकाळी गेट बंद व्हायच्या सुमारास. दोन्ही वेळा उजेड कमी. इथे लेन्सवरचा दुसरा आकडा कामाला येतो: एफ/४, एफ/५.६, एफ/६.३. हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त प्रकाश आत घेते. एफ/४ च्या तुलनेत एफ/५.६ निम्मा प्रकाश घेते, एफ/६.३ त्याहून कमी.

चालत्या वाघाला किमान १/५०० शटर स्पीड हवा. समजा सागाच्या सावलीत एफ/४ वर त्यासाठी आयएसओ ३२०० लागतो. त्याच जागी एफ/६.३ ची लेन्स असेल तर आयएसओ साधारण ८००० वर जातो. एफ/९ असेल तर १६००० वर. पूर्वी ८००० म्हटलं की फोटो टाकून द्यावा लागे. आताचे कॅमेरे आणि नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअर्स पाहता ८००० चा फोटो छापण्याजोगा निघतो. १६००० ला मात्र केसांचा पोत जायला लागतो. म्हणून लांब टोकाला एफ/६.३ किंवा फार तर एफ/७.१, ही जंगलासाठी मी लक्ष्मणरेषा मानतो. एफ/९ ची लेन्स माळरानावर आणि पाणथळीवर खुशाल वापरा, बांबूच्या बनात तिची दमछाक होते.

मोठ्या ॲपर्चरचा एक तोटा क्वचितच सांगितला जातो. ६०० मिमी एफ/४ लेन्सने २० मीटरवरचा फोटो काढला तर धारदार दिसणारा भाग जेमतेम पाव मीटर खोल असतो. वाघिणीचे दोन बछडे मागेपुढे बसले असतील तर एकाचा चेहरा धारदार आणि दुसऱ्याचा पुसट. म्हणजे इतके पैसे मोजून घेतलेली एफ/४ बंद करून एफ/८ वर न्यावी लागते. पार्श्वभूमी लोण्यासारखी मऊ दिसते हे खरं, पण तेवढ्यासाठी कर्ज काढू नये.

लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनबद्दलही गैरसमज आहे. कंपनीनुसार त्याला व्हीआर, आयएस, ओएसएस, व्हीसी अशी वेगवेगळी नावं आहेत. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, जनावराची हालचाल नव्हे. चितळांचा कळप उधळला तर १/१६०० च्या पुढे जावंच लागतं, उडत्या पक्ष्याला १/२०००. आणि जिप्सीचं इंजिन सुरू असेल तर सगळी गाडीच थरथरत असते. तिथे स्टॅबिलायझेशनवर विसंबण्यापेक्षा ‘दादा, गाडी बंद करा’ एवढं हळू आवाजात सांगणं जास्त उपयोगी.

नेमकी कुठली घ्यायची?

ज्यांच्याकडे किट लेन्ससह क्रॉप बॉडी आहे आणि पहिलीच सफारी आहे, त्यांनी ७०-३०० किंवा ५५-२५० च्या वर्गातली लेन्स घेऊन निघावं. क्रॉप बॉडीवर ३०० म्हणजे ४५० इतकं दिसतं. लेन्स हलकी, हातात धरायला सोपी, जवळ आलेलं जनावर पूर्ण मावतं. पहिल्या सफारीत शिकायचं असतं ते वेगळंच: गाईड कुठे बघतो, प्राण्यांचा धोक्याचा कॉल कुठून येतोय, गाडी कुठे उभी करायची. कॅननच्या मिररलेसवाल्यांसाठी आरएफ १००-४०० एफ/५.६-८ आहे, वजन फक्त ६३५ ग्रॅम. पहाटे ती कमी पडते, पण दिवसा उत्तम काम करते आणि खिशालाही झेपते.

त्यापुढच्या पायरीवर सफारीतल्या वाघवाल्यांची खरी लेन्स आहे: १००-४०० किंवा १००-५००. निकॉन झेड १००-४०० एफ/४.५-५.६, सोनीची १००-४०० जीएम, कॅननची आरएफ १००-५०० एफ/४.५-७.१. तिन्हींचं वजन दीड किलोच्या आसपास, तिन्ही हातात धरून तासभर सहज वापरता येतात. कॅननची ही लेन्स झूम मागे घेतल्यावर मीटरभरावरूनही फोकस करते. वाटेत फुलपाखरू किंवा कासव दिसलं तर लेन्स बदलावी लागत नाही. ताडोबा-पेंचसाठी एकच लेन्स सांगा म्हणाल तर मी याच वर्गाकडे बोट दाखवेन.

पक्षी आणि वाघ दोन्ही सारखेच प्रिय असतील तर निकॉन झेड १८०-६०० आणि सोनी २००-६००, दोन्ही एफ/५.६-६.३. वजन दोन किलोंच्या आसपास. दोन्हींची झूम आतल्या आत होते, नळी बाहेर येत नाही, म्हणून धूळ कमी शिरते आणि तोल ढळत नाही. निकॉनच्या लेन्सची रिंग साधारण ७० अंश फिरवली की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचते; हेडऑन येणाऱ्या वाघासमोर याचं मोल कळतं. जुन्या काही लेन्समध्ये याच कामाला मनगट दोनदा वळवावं लागतं. मात्र या लेन्स फुल फ्रेम बॉडीवरच शोभतात. क्रॉप बॉडीवर जवळचं जनावर मावत नाही, हे वरच्या हिशेबात आलंच. कॅननची आरएफ २००-८०० एफ/६.३-९ ही पाणथळीवरच्या पक्ष्यांसाठी.

बजेट कमी असेल तर सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० आहेत. डीएसएलआरच्या काळातल्या या लेन्स आता वापरलेल्या बाजारात चांगल्या मिळतात. निकॉनची २००-५०० एफ/५.६ हीदेखील तशीच, २०१५ ची असली तरी आजही धारदार. ॲडॅप्टर लावून त्या त्या कंपनीच्या मिररलेसवर यातल्या बऱ्याच लेन्स चालतात. तुमच्या बॉडीवर फोकस वेगाने होतो का, हे आधी लावून बघा. टॅमरॉनची १५०-५०० एफ/५-६.७ सोनी, निकॉन झेड आणि फुजीफिल्मसाठीही मिळते.

मोठ्या प्राइम लेन्स, म्हणजे ४०० एफ/२.८ किंवा ६०० एफ/४, दहा लाखांच्या आसपास नि पुढे जातात. ज्यांचा यावर व्यवसाय आहे किंवा जे वर्षभर जंगलातच असतात, त्यांच्यासाठी त्या आहेत. सहा पर्यटकांच्या जिप्सीत मधल्या सीटवर बसून ही लेन्स डावीकडून उजवीकडे वळवायची म्हटली तर शेजाऱ्याच्या कानाला लागते. प्राइम हवीच असेल तर निकॉनच्या झेड ४०० एफ/४.५ आणि ६०० एफ/६.३ या हलक्या लेन्स पाहा. पहिली सव्वा किलोच्या घरात, दुसरी दीड किलोच्या आत. पण सोबत दुसऱ्या बॉडीवर ७०-२०० किंवा १००-४०० हवीच.

आणि एक लहान लेन्स प्रत्येकाने न्यावी. ताडोब्याच्या कोअरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलात, मोबाईल वापरता येत नाही. त्यामुळे ‘रुंद फोटो फोनवर काढू’ हा बेत गेटवरच संपतो. धुक्यातला तलाव, मोहाचं झाड, गव्यांचा कळप आणि वरचं आभाळ, हे सगळं घ्यायला २४-७० किंवा २४-१०५ लागते. किट लेन्स असेल तर तीही चालेल.

टेलिकन्व्हर्टर: घ्या, पण विचार करून

टेलिकन्व्हर्टर लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसतो आणि फोकल लेंग्थ वाढवतो. १.४ पटीचा एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश खातो, दुप्पटचा दोन स्टॉप. एफ/६.३ च्या झूमवर दुप्पटचा कन्व्हर्टर लावला की एफ/१३ झालं; पहाटेच्या जंगलात त्याचा काही उपयोग नाही. कॅननच्या आरएफ १००-५०० बाबत आणखी एक अडचण आहे. कन्व्हर्टर लावायचा तर झूम ३०० च्या पुढे न्यावी लागते आणि तो लागलेला असेपर्यंत ३०० च्या मागे येता येत नाही. १.४ पटीने ती ४२०-७०० ची लेन्स होते. झुडपातून वाघ दहा पावलांवर निघाला तर हातात ४२०! सोनी माउंटच्या सिग्मा-टॅमरॉन झूमवर सोनीचा कन्व्हर्टर बसतच नाही. झूमवाल्यांनी कन्व्हर्टरच्या पैशांत एक चांगली बीन बॅग, एक जास्तीची बॅटरी आणि मोठं कार्ड घ्यावं.

जिप्सीत बसल्यावर

जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. बीन बॅग लागते. ती रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोचल्यावर किराणा दुकानातून दोन-तीन किलो तांदूळ किंवा मूग घेऊन भरावी. परतताना ते धान्य तिथेच कुणाला देता येतं. बीन बॅग गाडीच्या आडव्या दांड्यावर ठेवून लेन्स वर टेकवली की १/२५० वरही धारदार फोटो मिळतो, गाडी बंद असली तर.

धूळ हा विदर्भातल्या उन्हाळ्याचा मोठा शत्रू. पुढची जिप्सी गेली की दोन मिनिटं काही दिसत नाही. लेन्स उशीच्या सुती अभ्र्यात किंवा जाड पंच्यात गुंडाळून मांडीवर ठेवा. अभ्रा काढायला क्षणही लागत नाही, बॅगेची चेन उघडायला लागतो. चालत्या गाडीत लेन्स बदलू नका. दोन बॉडी असतील तर दोन लेन्स, एकच असेल तर एकच. संध्याकाळी खोलीवर आल्यावर आधी ब्लोअरने धूळ उडवा, मगच कापड लावा. नाहीतर धुळीचे कणच काचेवर रेघोट्या ओढतात. पावसाळ्यात बफरच्या, म्हणजे कोअरभोवतालच्या जंगलातल्या सफाऱ्या सुरू असतात. तेव्हा एसीच्या खोलीतून थेट बाहेर आणलेल्या लेन्सवर दव धरतं; अर्धा तास आधी बॅग खोलीबाहेर ठेवावी.

बऱ्याच मोठ्या लेन्सच्या बाजूला एक छोटी कळ असते: ‘फुल’ आणि ‘अमुक मीटरपासून पुढे’ अशी; हा आकडा लेन्सनुसार बदलतो. बांबूच्या काड्या आडव्या येत असतील तर ती दुसरीकडे ढकला. जवळच्या काडीवर फोकस अडकून लेन्स मागेपुढे फिरत बसणं थांबतं. प्राण्याचा डोळा ओळखणारी यंत्रणा कितीही हुशार असली तरी गवतातून डोकावणाऱ्या वाघापेक्षा गवताची पातच तिला आधी दिसते. अशा वेळी एकच फोकस बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवणं भरवशाचं. आणि शेजाऱ्याच्या डोक्यावरून लेन्स नेण्याआधी त्याला सांगा. सायटिंगला जिप्सीत उभं राहून धक्काबुक्की झाली की कुणाचाच फोटो होत नाही.

आधी भाड्याने, मग विकत

पुणे, मुंबई, नागपूरला लेन्स दिवसाच्या भाड्याने देणारी दुकानं आहेत. ओळखपत्र आणि अनामत द्यावी लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत मागणी असते, म्हणून आधी सांगून ठेवा. लेन्स ताब्यात घेताना काचेचे, माउंटचे आणि कळांचे फोटो काढून घ्या. परत देताना वाद होत नाही. सफारीच्या आदल्या रात्री ती हातात घेण्यात अर्थ नाही. निदान दोन दिवस आधी आणून पुणेकरांनी कवडी पाटावर, मुंबईकरांनी भांडुप-ऐरोलीकडे, नागपूरकरांनी अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या तलावावर फिरवून यावी. पन्नास मीटरवरून आपल्याकडे चालत येणारा गल्लीतला कुत्रा हा हेडऑनचा फुकटचा सराव आहे. ४०० वर सुरू करून तो पायाशी येईपर्यंत झूम मागे घेत त्याला सतत फ्रेममध्ये ठेवता आलं, की वाघालाही ठेवता येईल.

वापरलेली लेन्स घेत असाल तर अंधाऱ्या खोलीत मागच्या काचेकडून टॉर्च मारून पुढून पाहा. धुळीचे दोन-चार कण दिसले तर चालतात, पण बारीक धाग्यांचं जाळं दिसलं तर ती बुरशी; सौदा सोडून द्या. लेन्स तोंड खाली करून धरा, नळी आपोआप बाहेर घसरते का पाहा. मग सगळ्यात लांब टोकाला, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो काढा. मधली अक्षरं आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात का ते स्क्रीनवर मोठं करून पाहा. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच हललेली असण्याची शक्यता असते. बिलावरचा सिरियल नंबर आणि लेन्सवरचा नंबर जुळतो याची खात्री करा. नवी घेताना भारतातली वॉरंटी असलेलीच घ्या. थोड्या स्वस्तात मिळणाऱ्या बाहेरच्या मालाची दुरुस्ती महागात पडते.

कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी लेन्सइतकंच तिच्या घराकडे लक्ष द्यावं. पावसाळ्यात बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी हमखास धरते. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की झालं. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करून घ्या.

निर्णय घेण्याआधी

मागच्या सहलींचे फोटो संगणकावर उघडा आणि त्यांतले तुम्हाला खरोखर आवडलेले वेगळे काढा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती फोकल लेंग्थवर काढला ते लिहिलेलं असतं. आवडलेले बहुतेक फोटो १५० ते ३५० च्या मधले निघाले तर नवी मोठी लेन्स घ्यायची गरज नाही. पैसे सफारीवर खर्च करा, कारण त्याच रस्त्याने पुन्हा पुन्हा गेलं की कुठल्या वळणावर सकाळचं ऊन कधी येतं ते कळायला लागतं. बहुतेक फोटो शेवटच्या आकड्यावर अडकलेले असतील आणि तरीही प्रत्येकात निम्म्याहून जास्त क्रॉप करावं लागलं असेल, तर मोठ्या लेन्सचा खर्च सार्थकी लागेल. फोटो अंधारामुळे गेलेले असतील तर आकडा तोच ठेवून जास्त प्रकाश घेणारी लेन्स बघा. आणि शेपटी कापलेले फोटो जास्त निघाले, तर दुकानात जाऊन विचारायचा प्रश्न बदला: ‘ही लेन्स किती लांबचं आणते?’ याऐवजी ‘ही मागे कुठपर्यंत येते?’